विमान उद्योगात उपाध्यक्षपद आणि त्यापुढे: एमबीए, सेल्स की इंजिनिअरिंग?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नऊ वर्षे विमानाच्या स्ट्रक्चर्स विभागात, त्यातली बहुतेक पंखांच्या स्ट्रेस अ‍ॅनॅलिसिसमध्ये (भाग किती ताण सोसेल याच्या गणितात) गेली. आता आठ जणांची टीम हाताखाली आहे. प्रवासी विमाने बनवणाऱ्या कंपन्यांत जे उपाध्यक्ष झाले किंवा त्याहून वर गेले ते कोणत्या वाटेने गेले, आणि त्यासाठी एमबीए करावे, सेल्समध्ये जावे की इंजिनिअरिंगमध्येच राहावे?

तिन्ही वाटांनी लोक वर गेले आहेत, त्यामुळे नुसत्या विभागाच्या नावावरून उत्तर देता येत नाही. अशा पदांसाठी उमेदवार तपासताना मी त्याचा विभाग सगळ्यात शेवटी पाहतो. आधी पाहतो ते हे, की विमानाच्या जन्मापासून डिलिव्हरीपर्यंतचा कोणता टप्पा या माणसाने स्वतःच्या जबाबदारीवर पार पाडला. तारीख, खर्च आणि दर्जा या तिन्हींचा जाब त्याला द्यावा लागत होता का? आणि काम बिघडायला लागले तेव्हा वरच्यांना ते त्याच्याकडून कळले, की दुसऱ्या कोणाकडून? म्हणून तुमचा खरा प्रश्न ‘कोणता विभाग’ असा नसून ‘पुढच्या वीस वर्षांत कोणते टप्पे माझ्या नावावर लागतील’ असा आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकतो. पहिली म्हणजे नागरिकत्व. अमेरिकेत संरक्षण साहित्यावरच्या निर्यात नियमांमुळे नागरिक किंवा कायम रहिवासी नसलेल्याला त्या बाजूची तांत्रिक माहिती परवान्याशिवाय पाहता येत नाही. बोइंगमध्ये अधिकाऱ्यांना नागरी आणि संरक्षण अशा दोन्ही बाजूंना फिरवायची जुनी पद्धत आहे. जिम अल्बॉ आणि डेनिस म्युलेनबर्ग हे दोघेही संरक्षण बाजूचे प्रमुख राहून पुढे गेले. ती वाट तुम्हाला खुली आहे का, हे आजच तपासा. एअरबसमध्ये २००७ पर्यंत मूळ कंपनी ईएडीएसला एक फ्रेंच आणि एक जर्मन असे दोन सीईओ असत. ती व्यवस्था गेली, तरी दोन्ही सरकारांकडे प्रत्येकी साधारण ११ टक्के हिस्सा आहे आणि सर्वात वरच्या नेमणुकांत ही पार्श्वभूमी असतेच. एम्ब्राएरमध्ये ब्राझील सरकारकडे विशेष अधिकाराचा एक शेअर आहे. कोमॅक ही तर चीनची सरकारी कंपनीच आहे. दुसरी गोष्ट म्हणजे तुमच्या कंपनीत आत्ता काय चालू आहे: नवे विमान, जुन्याची सुधारित आवृत्ती, की फक्त उत्पादनवाढ. तुम्ही कितीही हुशार असलात तरी जे विमान कोणी बनवायलाच घेतलेले नाही, त्याचा अनुभव तुम्हाला मिळणार नाही.

आता माणसे पाहू. अ‍ॅलन मुलाली १९६९ मध्ये इंजिनिअर म्हणून बोइंगमध्ये आले, अनेक विमानांवर काम करत ७७७ प्रोग्रॅमचे (म्हणजे त्या विमानाच्या सगळ्या कामाचे) प्रमुख झाले, मग व्यावसायिक विमान विभागाचे, आणि २००६ मध्ये फोर्डचे. त्यांच्या आधी ७७७ सांभाळणारे फिल कॉन्डिट हेही १९६५ साली आलेले एरोडायनॅमिक्सचे इंजिनिअर, पुढे कंपनीचे सीईओ. ही तुमच्या जवळची वाट. पण रे कॉनर यांनी १९७७ मध्ये ७२७ च्या लाइनवर मेकॅनिक म्हणून सुरुवात केली आणि विक्री, सप्लाय चेन करत २०१२ मध्ये त्याच विभागाचे प्रमुख झाले. मार्च २०२४ पासून ते पद सांभाळणाऱ्या स्टेफनी पोप वित्त विभागातून आलेल्या आहेत. त्याआधी त्यांनी सर्व्हिसेस विभाग स्वतंत्रपणे चालवला होता. एअरबसचे गियोम फोरी फ्लाइट टेस्ट इंजिनिअर, मग हेलिकॉप्टर कंपनीत, मग चार वर्षे पूझो या मोटार कंपनीत संशोधन-विकासाकडे, आणि २०१३ मध्ये परत येऊन हेलिकॉप्टर विभागाचे प्रमुख. २०१८ मध्ये व्यावसायिक विमाने, २०१९ मध्ये सीईओ. एम्ब्राएरचे फ्रान्सिस्को गोमेस नेतो तर २०१९ मध्ये बस बनवणाऱ्या मार्कोपोलोमधून आले.

या यादीत सगळ्यांचा मूळ विभाग एकच नाही. समान गोष्ट इतकीच, की प्रत्येकाने सर्वोच्च पदाआधी कधीतरी एक अख्खा धंदा किंवा अख्खा प्रोग्रॅम स्वतः चालवला होता. सल्लागार, उपप्रमुख किंवा कोणाचा तरी उजवा हात म्हणून केलेले काम त्या जागी चालत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, जो तरुण इंजिनिअर सहसा मोजत नाहीत: विमानाचे घड्याळ. ७७७ ऑक्टोबर १९९० मध्ये सुरू झाले, जून १९९४ मध्ये उडाले, जून १९९५ मध्ये सेवेत गेले. जेमतेम पाच वर्षे, आणि हा या उद्योगातला उत्तम नमुना. ७८७ एप्रिल २००४ मध्ये सुरू झाले. पहिली डिलिव्हरी २००८ ला ठरली होती, ती सप्टेंबर २०११ मध्ये झाली. एअरबसचे ए३५० डिसेंबर २००६ ते डिसेंबर २०१४. ए३८० डिसेंबर २००० ते ऑक्टोबर २००७. ७७७एक्स नोव्हेंबर २०१३ मध्ये जाहीर झाले, जानेवारी २०२० मध्ये उडाले, आणि २०२० ची ठरलेली डिलिव्हरी कित्येक वर्षे पुढे गेली. म्हणजे पस्तीस वर्षांच्या नोकरीत तुम्हाला पूर्ण विमाने फार तर तीन मिळतात, आणि त्यातल्या एखाद्यातच तुम्ही निर्णय घेण्याच्या वयात आणि पदावर असता. बढत्या दोन-तीन वर्षांनी येतात, विमाने आठ-दहा वर्षांनी. बढतीच्या मागे लागून जो दर दोन वर्षांनी जागा बदलतो, त्याने सुरुवात केलेली असते पण शेवट पाहिलेला नसतो. मुलाखतीत ‘तुमच्या त्या निर्णयाचा पुढे काय परिणाम झाला?’ असे विचारले की त्याच्याकडे उत्तर नसते, कारण परिणाम दिसायच्या आत तो निघून गेलेला असतो.

प्रत्येक टप्पा वेगळे शिकवतो. व्याख्येच्या टप्प्यात, म्हणजे प्राथमिक डिझाइन रिव्ह्यूपर्यंत, तडजोडी होतात: वजन, पल्ला, किंमत. तुमच्या क्षेत्रात इथे वजनाचे लक्ष्य हे खरे चलन असते. एखाद्या विभागाचे किलोग्रॅममधले लक्ष्य स्वतःच्या नावावर घ्या आणि क्रिटिकल डिझाइन रिव्ह्यूपर्यंत, म्हणजे डिझाइन पक्के होईपर्यंत, ते टिकवून दाखवा. एअरलाइनला दिलेली इंधनाची हमी शेवटी याच किलोंवर उभी असते, त्यामुळे हे काम सेल्स आणि वित्त दोघांनाही समजते. त्यानंतर ड्रॉइंग रिलीज, म्हणजे पक्की ड्रॉइंग कारखान्याला देणे. इथे बिघडते ते उशिरा येणाऱ्या बदलांमुळे. एक ब्रॅकेट बदलला की टूलिंग, सप्लायरचा करार, वायरिंगचा मार्ग आणि सर्टिफिकेशनचा कागद असे सगळे मागे फिरते. बदल मंजूर करणाऱ्या बोर्डावर बसणे हे बाहेरून कंटाळवाणे वाटते, पण खर्च कुठून वाढतो ते तिथल्याइतके स्पष्ट कुठेही दिसत नाही.

एकत्रीकरणाच्या टप्प्यात मोठमोठी माणसे पडतात. ए३८० चे उदाहरण नीट वाचा. त्या विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायरिंग आहे. हॅम्बुर्ग आणि तुलूझ इथे एकाच डिझाइन सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरल्या गेल्या आणि आलेले हार्नेस (तारांचे जुडगे) विमानात बसेनात. जुलै २००६ मध्ये ईएडीएसचे सहसीईओ नोएल फोर्जार्ड आणि एअरबसचे प्रमुख गुस्ताव हुम्बर्ट या दोघांना जावे लागले. हुम्बर्ट यांच्या जागी पूर्वी सेंट-गोबेन समूहात असलेले क्रिस्तियाँ स्ट्राइफ आले, तेही साधारण शंभर दिवसांत बाहेर पडले. सॉफ्टवेअरची आवृत्ती ही कोणत्याही सीईओच्या टेबलावर येणारी गोष्ट नव्हे. ज्या पातळीला ती ठाऊक होती तिथून ती वेळेत वर गेली नाही, आणि वर बसलेल्यांनी ती विचारली नाही. तुम्ही जितके वर जाल तितकी बातमी उशिरा आणि गुळगुळीत होऊन तुमच्यापर्यंत येते. ती खरी आणि लवकर यावी अशी व्यवस्था उभारणे हे वरच्या पदाचे निम्मे काम आहे. मुलाली दर आठवड्याला सगळ्या विभागप्रमुखांना एका टेबलाशी बसवून तेच तक्ते सगळ्यांसमोर उघडे ठेवत, ते याचसाठी.

तुमच्या स्वतःच्या विषयातली दोन उदाहरणे याहून बोलकी आहेत. फेब्रुवारी २००६ मध्ये ए३८० चा पंख स्थिर भार चाचणीत मर्यादा-भाराच्या (प्रत्यक्ष वापरात येऊ शकणाऱ्या कमाल भाराच्या) सुमारे १.४५ पटीला तुटला; नियमानुसार १.५ पट सोसायला हवा. जून २००९ मध्ये ७८७ च्या पंख आणि धडाच्या सांध्यापाशी अपेक्षेपेक्षा जास्त ताण आढळला आणि अगदी तोंडावर आलेले पहिले उड्डाण पुढे ढकलून १५ डिसेंबरला करावे लागले. स्ट्रेस इंजिनिअरचा असा आकडा थेट वरपर्यंत जातो. अशा वेळी दोन प्रकारची माणसे दिसतात. एक म्हणतो, ‘मॉडेलमध्ये सुधारणा चालू आहे, दोन आठवडे द्या.’ दुसरा सांगतो, ‘अमुक ठिकाणी मजबुतीकरण हवे. बनून पडलेल्या इतक्या विमानांवर ते लावावे लागेल, प्रत्येकी इतके दिवस, पंखात शिरून काम करायला एका वेळी दोनच माणसे मावतात, म्हणून उड्डाण इतके पुढे जाईल. आणि हा अंदाज चुकला तर तो इथे चुकेल.’ दुसऱ्याची पुढच्या प्रोग्रॅमवर आठवण काढली जाते. गणित दोघांनाही येत असते. फरक इतकाच, की दुसऱ्याने ताणाचे रूपांतर दिवस, माणसे आणि विमानांच्या संख्येत केले.

यापुढचा टप्पा म्हणजे उत्पादनवाढ. इंजिनिअरिंगच्या लोकांना हा दुय्यम वाटतो, पण आजच्या घडीला निवडी सगळ्यात जास्त याच अनुभवावर होतात, कारण मागणी भरपूर आणि विमाने कमी अशी स्थिती आहे. विमान-अभियंते टी. पी. राइट यांनी १९३६ मध्ये मांडलेला नियम अजूनही पायाभूत आहे: एकूण संख्या दुप्पट झाली की प्रत्येक विमानामागचे श्रम साधारण २० टक्क्यांनी उतरतात. पहिल्याला १०० धरले तर दुसऱ्याला ८०, चौथ्याला ६४, आठव्याला ५१ च्या आसपास. विमानाची किंमत ठरवताना हा उतार गृहीत धरलेला असतो. भाग उशिरा आले की हा उतार सपाट होतो, कारण लाइनवरच्या ठरलेल्या स्टेशनवरचे (टप्प्यावरचे) काम राहून जाते आणि विमान तसेच पुढे सरकते. राहिलेले काम पुढच्या स्टेशनवर, आधीच झाकलेल्या जागेत हात घालून, दुसऱ्याच माणसाला करावे लागते. तेव्हा वेळ वाढतो आणि नोंदी चुकतात. जानेवारी २०२४ मध्ये ७३७ मॅक्स-९ चा दाराच्या जागी बसवलेला प्लग हवेत सुटला. कारखान्यात रिव्हेट दुरुस्त करण्यासाठी तो उघडला गेला होता, बोल्ट परत लागले नाहीत, आणि उघडल्याची नोंदच नव्हती. त्यानंतर अमेरिकेच्या नियामकाने ७३७ चा वेग महिन्याला ३८ वर बांधला, आणि तीन महिन्यांच्या आत प्रोग्रॅमप्रमुख व विभागप्रमुख गेले, सीईओंनी पद सोडण्याचे जाहीर केले.

हे वाचून घाबरायचे कारण नाही, पण हे लक्षात घ्या: लाइनवर काम राहिले आहे, नोंद अपुरी आहे, तरी महिन्याचा आकडा गाठायचा आहे, हा पेच ज्याने स्वतः सोडवलेला नाही तो कारखाना चालवणारा उपाध्यक्ष होऊ नये. आणि हल्ली निवड समित्याही हे विचारतात.

स्ट्रेसमधून या बाजूला जायचा एक सरळ पूल आहे, तो म्हणजे लायझन इंजिनिअरिंग (लाइनवर राहून डिझाइनच्या अडचणी सोडवणे) आणि सदोष भागांचे काय करायचे ते ठरवणारे मटेरियल रिव्ह्यू बोर्ड. भोक चुकीच्या जागी पडले, कडेचे अंतर कमी आले, शिम (फट भरायची पातळ पट्टी) जाड झाला. तसेच चालेल, दुरुस्त करायचे की भाग टाकून द्यायचा, हा निर्णय तिथे तासाभरात द्यावा लागतो आणि त्यावर सही लागते. तुमचे नऊ वर्षांचे ज्ञान तिथे पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते. इथे १८ ते २४ महिने, शक्य तर दुसऱ्या पाळीसह, काढा. त्यानंतर एखाद्या स्टेशनची किंवा सप्लायर-गटाची थेट जबाबदारी मागता येते. कार्यालयातून थेट ‘ऑपरेशन्स’मध्ये उडी मारणारे बहुतेक जण लाइनवरच्या लोकांना पटत नाहीत. या मार्गाने आलेला पटतो.

पैशाचे म्हणाल तर त्यासाठी पदवी लागतेच असे नाही, पण समज लागतेच. विमानाचे पैसे टप्प्याटप्प्याने येतात: ऑर्डरच्या वेळी थोडे, मग डिलिव्हरीआधीचे हप्ते, आणि मोठा हिस्सा डिलिव्हरीच्या दिवशी. म्हणून इंजिनांची वाट पाहत उभे असलेले, बाकी पूर्ण झालेले विमान हे कंपनीच्या दृष्टीने गोठलेली रोकड असते. हिशेबाच्या पद्धतीही वेगळ्या आहेत. बोइंग प्रोग्रॅम अकाउंटिंग वापरते, म्हणजे ठरावीक संख्येच्या विमानांचा सरासरी खर्च धरून नफा दाखवते आणि सुरुवातीचा जादा खर्च पुढे ढकलते. ७८७ वर अशी ढकललेली रक्कम एके काळी २५ अब्ज डॉलरच्या वर गेली होती. एअरबसला ही पद्धत वापरता येत नाही. ‘आपला प्रोग्रॅम फायद्यात आहे का’ या प्रश्नाची दोन कंपन्यांतली उत्तरे म्हणूनच सरळ ताडून पाहता येत नाहीत. तुम्ही दर तिमाहीला दोन्ही कंपन्यांचे निकाल आणि त्यातल्या टिपा वाचायला लागा. वर्षभरात आवर्ती (दर विमानामागचा) आणि अनावर्ती (एकदाच होणारा) खर्च, पुढे दिसणाऱ्या तोट्याची तरतूद, साठ्यात अडकलेली रक्कम हे शब्द तुमचे होतील.

एमबीएबद्दल माझे मत स्पष्ट आहे: आत्ता नोकरी सोडून दोन वर्षे जाऊ नका. त्या दोन वर्षांत लाइनवरचा किंवा रिव्ह्यूचा एक अख्खा टप्पा हातचा जातो. कॉन्डिट आणि मुलाली दोघेही एमआयटीच्या स्लोन या मॅनेजमेंट स्कूलमध्ये गेले, पण मधल्या कारकिर्दीत, सुमारे दहा-तेरा वर्षांच्या अनुभवानंतर, फेलो म्हणून. कंपनी पाठवत असेल किंवा नोकरी सांभाळून होत असेल तर जरूर करा. त्याचा सगळ्यात चांगला काळ म्हणजे तुम्ही पहिल्यांदा खर्चाची जबाबदारी घेतल्यानंतरचे वर्ष, कारण तेव्हा वर्गात विचारायला तुमच्याकडे स्वतःचे प्रश्न असतात.

सेल्सबद्दल गैरसमज फार. जॉन लेही छोटी विमाने बनवणाऱ्या पायपर कंपनीतून १९८५ मध्ये एअरबसच्या अमेरिकन शाखेत आले आणि २०१८ च्या सुरुवातीला निवृत्त होईपर्यंत दोन दशकांहून जास्त काळ विक्रीचे प्रमुख राहिले, इतका तो धंदा नात्यांवर आणि स्मरणावर चालतो. त्यांच्या जागी इंजिन कंपनीतून आलेले एरिक शुल्झ वर्षही पूर्ण न करता गेले; मग १९८४ पासून एअरबसमध्ये असलेल्या आणि एटीआर ही छोट्या प्रवासी विमानांची कंपनी चालवलेल्या क्रिस्तियान शेरर यांना आणले गेले. इंजिनिअरने थेट विक्रेता व्हायला जाऊ नये. सेल्स इंजिनिअरिंग, ग्राहक-विमानांची कॉन्फिगरेशन, किंवा करार विभाग हे दरवाजे तुमच्यासाठी आहेत. करारात काय असते ते शिका: कोणत्या वर्षाच्या किमती धरल्या आणि दरवाढीचे सूत्र काय, ऑप्शन आणि खरेदीचा हक्क यांत फरक काय, इंधनाची हमी कशी मोजायची, उशीर झाल्यास भरपाई किती आणि तिला कमाल मर्यादा कुठे. उत्पादन कोलमडते तेव्हा कोणत्या ग्राहकाचे विमान आधी द्यायचे हे यावरून ठरते, आणि त्या बैठकीत हे समजणारा इंजिनिअर क्वचितच असतो. ग्राहक-सहाय्य विभागही असाच, उगाच दुर्लक्षित. विमान जमिनीवर अडकले असताना दुरुस्तीची मंजुरी देणाऱ्याला एअरलाइनचे तांत्रिक प्रमुख वर्षानुवर्षे विसरत नाहीत.

सर्टिफिकेशन आणि सुरक्षितता ही वाट २०१९ नंतर वजनदार झाली आहे. युरोपात डिझाइन संस्थेचे प्रमुख, एअरवर्दिनेस (उड्डाणयोग्यता) प्रमुख अशा पदांवरच्या माणसाला नियामक स्वतः तपासून मान्यता देतो. म्हणजे नुसती कंपनीची मर्जी पुरत नाही. ७३७ मॅक्स दोन अपघातांनंतर जमिनीवर बसवल्यावर बोइंगच्या संचालक मंडळाने इंजिनिअरांनी धंद्याच्या विभागप्रमुखाऐवजी मुख्य इंजिनिअरला जबाबदार राहावे अशी शिफारस केली. तुमच्यासारख्याला यातून एक खरी संधी मिळते. तारखेचा दाब असताना ‘हे असे सही होणार नाही’ म्हणण्याचा अधिकार असलेले पद दोन-तीन वर्षे सांभाळा. पुढे तुम्ही स्वतः तारखा लादणाऱ्या खुर्चीत बसाल तेव्हा समोरच्या माणसाचा ‘नाही’ कशासाठी आहे हे ओळखता येईल.

बाहेर जाऊन परत येणे किंवा सप्लायरकडून वर येणे हा मार्ग लोक उगाच बेइमानी समजतात. सध्याचे बोइंगचे सीईओ केली ऑर्टबर्ग १९८७ मध्ये रॉकवेल कॉलिन्स या विमानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणे बनवणाऱ्या कंपनीत आले, २०१३ मध्ये तिचे प्रमुख झाले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये निवृत्तीतून बोलावले गेले. फोरींचे उदाहरण वर आलेच. सप्लायरकडे जाण्याचा फायदा सरळ आहे: मोठ्या विमान कंपनीत नफा-तोट्याची स्वतंत्र जबाबदारी पन्नाशीच्या आसपास मिळते, फ्लॅप किंवा दरवाजे बनवणाऱ्या कारखान्यात ती चाळिशीत मिळू शकते. लहान का होईना, ऑर्डर, पगार, कर्ज आणि भंगाराचा दर हे सगळे एका टेबलावर. विमाने भाड्याने देणाऱ्या लीझिंग कंपन्यांतूनही लोक येतात. कॅनडाच्या बॉम्बार्डिअर कंपनीत व्यावसायिक विमान विभागाचे प्रमुख झालेले फ्रेड क्रोमर आयएलएफसी या अशाच कंपनीतून आले होते. पण तुमच्या पार्श्वभूमीला तो मार्ग लांबचा पडेल.

कारकीर्द अडते ती बहुतेक तीनच ठिकाणी. एक, बारा-पंधरा वर्षे एकाच विभागात राहून ‘याच्याशिवाय चालत नाही’ असे होणे. मग खरोखरच कोणी सोडत नाही. दोन, एकामागून एक उपप्रमुख, विशेष कार्य, मुख्यालयातला समन्वय अशी पदे घेणे. ओळखी वाढतात पण नावावर निकाल लागत नाही. तीन, वाईट बातमी पुढच्या रिव्ह्यूपर्यंत धरून ठेवणे. पहिल्या दोहोंतून बाहेर पडता येते. तिसऱ्याची नोंद लोकांच्या मनात कायम राहते.

आणि एक मोकळेपणाने विचारतो: तुम्हाला खरोखर कारखाना, करार आणि माणसे यांत दिवस घालवायचे आहेत का? बोइंगमध्ये टेक्निकल फेलोंची वेगळी शिडी आहे. इतर मोठ्या कंपन्यांतही तज्ज्ञांसाठी अशीच सोय असते. उत्तम स्ट्रेस इंजिनिअरची गरज उद्योगाला उपाध्यक्षांपेक्षा कमी नाही. पंखाच्या रिबचे (आतल्या आडव्या आधाराचे) पाय का तडकले हे शोधण्यात ज्याला समाधान मिळते त्याने बजेटच्या बैठकीत आयुष्य काढू नये. २०१२ मध्ये ए३८० च्या पंखात रिबचे पाय खरोखरच तडकलेले आढळले होते, आणि तेव्हा कंपनी अशाच माणसांवर उभी होती.

व्यवस्थापनाकडेच जायचे ठरले तर तुमच्यासाठी क्रम मी असा लावेन. पुढचे दीड-दोन वर्ष लायझन आणि मटेरियल रिव्ह्यू. त्यानंतर तीनेक वर्षे एका वर्क पॅकेजची पूर्ण जबाबदारी, म्हणजे डिझाइन, सप्लायर, खर्च आणि डिलिव्हरीसह, आणि ती अर्ध्यात न सोडता ठरलेला वेग गाठेपर्यंत. याच काळात नोकरी सांभाळून वित्ताचे शिक्षण. मग दोन वर्षे ग्राहकाच्या बाजूला, करार किंवा सहाय्य विभागात. साधारण सोळाव्या-सतराव्या वर्षी एक निर्णय घ्यावा लागेल: स्वतःच्या कंपनीत प्रोग्रॅमचे पद, की सप्लायरकडे छोटा पण स्वतंत्र धंदा. कंपनीत नवे विमान येत असेल तर थांबा, नसेल तर जा. दोन्हीकडच्या मुलाखतीत तीन गोष्टी विचारून घ्या: बजेटवर सही माझी असेल का, सप्लायर बदलण्याचा अधिकार माझ्याकडे असेल का, आणि दर्जासाठी लाइन थांबवली तर त्या महिन्याचा चुकलेला आकडा माझ्या मूल्यमापनात कसा धरला जाईल. तिसऱ्या प्रश्नाला नेमके उत्तर मिळाले नाही, तर पदाचे नाव कितीही मोठे असो, ते घेऊ नका.